डार्टमूरवरचा लेटरबॉक्स क्लूवरून कसा शोधायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ईस्टरच्या सुट्टीत दोन्ही मुलांना घेऊन ब्रिस्टलहून डार्टमूरला, म्हणजे नैऋत्य इंग्लंडमधल्या उघड्या पठारावर, गेलात. ओळखीच्या एका कुटुंबाने लेटरबॉक्सचा, म्हणजे पठारावर लपवलेल्या एका डब्याचा, क्लू दिला होता. त्यात तीन बेअरिंग (होकायंत्रावर अंशांत मोजलेल्या खुणांच्या दिशा) आणि शेवटी 'कलत्या दगडाखाली, एकट्या झाडापासून नऊ पावलं' एवढंच होतं. दोन तास दगड उचलउचलून पाहिले, बॉक्स सापडला नाही, धाकटी रडकुंडीला आली. आता ऑगस्टमध्ये पुन्हा जायचंय, त्याआधी क्लू नेमका कसा वाचतात ते समजून घ्यायचंय. सह्याद्रीत भरपूर भटकलात, पण होकायंत्र हातात धरायची वेळ कधी आली नाही, असंही तुम्ही लिहिलंय.

आधी स्पष्ट सांगतो. दोन तास दगड उचलावे लागले, याचा अर्थ तुम्ही बहुतेक बॉक्सच्या जागेवर नव्हतातच. लेटरबॉक्स शोधण्यातलं नव्वद टक्के काम नेमक्या जागी जाऊन उभं राहण्याचं असतं. ते नीट झालं की हाताला फारसं काम उरत नाही, डोळ्यांनीच भागतं. ते झालं नसेल तर सगळं पठार उलथून काढलं तरी काही मिळत नाही, वर जमिनीचं नुकसान होतं ते वेगळंच. म्हणून या उत्तरात जास्त वेळ मी जागेवरच घालवणार आहे.

मुलांना सांगायला थोडा इतिहास देतो, कारण तो कळला की खेळाचे नियम आपोआप पटतात. १८५४ मध्ये चॅगफर्ड गावच्या जेम्स पेरट या वाटाड्याने उत्तर डार्टमूरच्या अगदी आडबाजूला, क्रॅनमिअर पूल या ठिकाणी एक बाटली ठेवली. तिथवर पायपीट करून पोचलेल्यांनी आपलं व्हिजिटिंग कार्ड त्यात टाकायचं. (नाव 'पूल' असलं तरी तिथे तळं नाही, पीटच्या काळ्या मातीतला एक कोरडा खळगा आहे.) पुढे बाटलीच्या जागी पेटी आली, १९०५ मध्ये नावं लिहायला वही आली, १९३७ मध्ये दगडी बांधकाम झालं. लोक तिथे स्वतःच्या किंवा आप्तांच्या पत्त्याची पोस्टकार्डं ठेवून जायचे, नंतर येणारा ती उचलून आपल्या गावच्या टपालात टाकायचा. १९७० च्या दशकापर्यंत असे बॉक्स मोजकेच होते. त्यानंतर ही संख्या हजारांत गेली आणि पोस्टकार्डाची जागा रबरी शिक्क्याने घेतली. आजचा बॉक्स म्हणजे घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा. आत एक वही आणि त्या बॉक्सचा स्वतःचा शिक्का. तुम्ही त्याचा शिक्का आपल्या वहीत मारायचा आणि आपला शिक्का त्याच्या वहीत. अमेरिकेत हा छंद १९९८ मधल्या एका मासिकातल्या लेखानंतर पसरला. जीपीएसने लपवलेले डबे शोधायचा खेळ, जिओकॅशिंग, आला तो २००० च्या मे महिन्यात. पण डार्टमूरच्या क्लूचा पाया अजूनही नकाशा आणि होकायंत्र हाच आहे, आणि तुमची गाडी तिथेच अडली.

सह्याद्रीत आपल्याला वाट असते. धारेवरून जा, खिंडीत डावीकडे वळा, बाण बघा, नाहीतर गावातल्या मामांना विचारा. डार्टमूरच्या उघड्या पठारावर यातलं काही नाही. मेंढ्यांच्या आणि रानातल्या तट्टांच्या पायवाटा चहूकडे फुटलेल्या असतात आणि त्यातली एकही कुठे नेईल याची खात्री नसते. तिथे वाटेऐवजी खुणा धरून चालावं लागतं. या खुणा म्हणजे टॉर. टेकडीच्या माथ्यावर उघडा पडलेला ग्रॅनाइटचा कातळ, त्याला टॉर म्हणतात. त्याच्या उतारावर हिमयुगात गोठून-वितळून फुटलेल्या दगडांचा पसारा असतो, त्याला तिथले लोक क्लिटर म्हणतात. बॉक्स बहुतेक या क्लिटरमध्ये किंवा त्याच्या कडेला असतो.

आता क्लू. तो तीन थरांत वाचायचा: कुठल्या परिसरात, त्यातल्या नेमक्या कुठल्या तुकड्यात, आणि त्या तुकड्यात कशाखाली. पहिला थर घरी सोडवायचा, दुसरा होकायंत्राने, तिसरा डोळ्यांनी. तुम्ही तिसऱ्यापासून सुरुवात केलीत, 'कलता दगड' शोधत राहिलात. ग्रॅनाइटच्या क्लिटरमध्ये कलते दगड शेकड्यांनी असतात.

समजावण्यापुरता मी एक क्लू बनवतो. या जागी खरा बॉक्स आहे असं समजून खोदाखोद करू नका, फक्त सरावाला वापरा: 'हेटॉर १३१°, सॅडल टॉर १९६°, हाऊंड टॉर ३२५°. कलत्या दगडाखाली.' अर्थ असा की बॉक्सजवळ उभं राहिलं तर हेटॉर १३१ अंशांवर दिसतो, सॅडल टॉर १९६ वर, हाऊंड टॉर ३२५ वर. बेअरिंग बॉक्सकडून खुणेकडे दिलेली असतात, खुणेकडून बॉक्सकडे नाही. नवखी मंडळी इथेच उलटी फिरतात.

घरी ऑर्डनन्स सर्व्हेचा 'ओएल २८' नकाशा टेबलावर पसरा. तो १:२५,००० चा आहे, म्हणजे नकाशावरचे ४ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर. बॉक्सकडून हेटॉर १३१ वर दिसतो, तर हेटॉरकडून बॉक्स त्याच्या बरोब्बर उलट दिशेला असणार. १३१ मध्ये १८० मिळवा, ३११. हेटॉरपासून ३११ अंशांची पेन्सिलची रेघ मारा. सॅडल टॉरचे १९६, त्यातून १८० वजा करा, १६. सॅडल टॉरपासून १६ अंशांची रेघ मारा. दोन रेघा जिथे छेदतात तो तुमचा तुकडा. या उदाहरणात तो हेटॉरच्या वायव्येच्या उतारावर, टॉरपासून साधारण साडेचारशे मीटरवर येतो. बेरीज करायची की वजाबाकी हा प्रश्न मुलांना पडतो. नियम सोपा आहे: आकडा १८० पेक्षा कमी असेल तर मिळवा, जास्त असेल तर वजा करा.

मग तिसरं बेअरिंग कशाला? पडताळणीला. पण इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. हाऊंड टॉर आणि हेटॉर या जागेवरून जवळजवळ एकमेकांच्या विरुद्ध दिशांना आहेत. त्यांच्या रेघा एकमेकींना इतक्या चिंचोळ्या कोनात छेदतात की नकाशावर पेन्सिल जराशी सरकली तर छेदबिंदू दीडदोनशे मीटर पळतो. म्हणून हाऊंड टॉर आणि हेटॉर ही जोडी घेऊन जागा काढायची नाही. क्लूमध्ये तीन-चार खुणा असतील तेव्हा साठ ते एकशेवीस अंशांचा फरक असलेल्या दोन निवडा. इथे हेटॉर आणि सॅडल टॉर यांच्यात पासष्ट अंशांचा फरक आहे, तो उत्तम.

दुसरी गोष्ट अंतराची. होकायंत्र हातात धरून वाचताना एक अंशाची चूक साडेचारशे मीटरवरच्या खुणेला आठ मीटरची पडते. हाऊंड टॉर इथून जवळपास दोन किलोमीटर आहे, तिथे तीच चूक चौतीस मीटरची होते. म्हणून सगळी बेअरिंग सारख्या तोलाची नसतात. जवळची खूण बारीक जागा देते, लांबची खूण आपण योग्य टेकडीवर आहोत की नाही एवढं सांगते. क्लू हातात आला की मी आधी नकाशावर प्रत्येक खुणेचं अंतर मोजतो आणि सर्वात जवळच्या खुणेखाली रेघ मारतो. मैदानात गेल्यावर पहिला विश्वास तिच्यावर.

मैदानात होकायंत्र असं वापरा. पारदर्शक पट्टीचं घ्या, ज्याची तबकडी फिरते. पट्टीवरचा बाण खुणेकडे रोखा, होकायंत्र छातीजवळ आडवं सपाट धरा, मग लाल सुई तबकडीतल्या लाल चौकटीत नेमकी बसेपर्यंत तबकडी फिरवा. बाणाच्या रेषेवर जो आकडा येतो तो वाचा. धातूच्या चष्म्याच्या फ्रेम, गाडीच्या किल्ल्या, आणि विशेषतः चुंबकाच्या झाकणाचं मोबाईलचं कव्हर हातभर लांब ठेवा. कव्हरचं चुंबक सुईला सहज वीस-तीस अंश वळवतं आणि आपल्याला कळतही नाही.

खुणेचा कुठला भाग धरायचा हेही पाहा. हेटॉर म्हणजे दोन मोठे कातळ आणि मध्ये खाच. साडेचारशे मीटरवरून पन्नास मीटर रुंदीचा कातळ सहा अंश व्यापतो. डाव्या काठावर रोखलं की उजव्या, याने जागा पन्नास मीटर इकडची तिकडे होते. म्हणून चांगल्या क्लूमध्ये डावा काठ, उजवा काठ, सर्वात उंच टोक असं लिहिलेलं असतं. लिहिलं नसेल तर मी सर्वात उंच टोक धरतो.

आता जागेवर कसं सरकायचं, हा सगळ्यात उपयोगाचा भाग. नकाशावरच्या तुकड्याच्या आसपास पोचलात की हेटॉरकडे तोंड करून उभे राहा आणि बेअरिंग घ्या. आकडा क्लूपेक्षा कमी आला तर डावीकडे सरका, जास्त आला तर उजवीकडे. समजा १२५ आला, हवा १३१, तर हेटॉरकडे तोंड ठेवूनच डावीकडे चालायचं आणि मध्येमध्ये थांबून वाचायचं. १३१ आला की तुम्ही हेटॉरच्या रेषेवर आलात. आता ती रेषा सोडायची नाही. त्याच रेषेवर हेटॉरच्या दिशेने किंवा हेटॉरपासून लांब चालत जायचं आणि सॅडल टॉर १९६ वर येतो तिथे थांबायचं. ही 'डावी कमी, उजवी जास्त' ओळ मोठ्याला पाठ करायला द्या, तो होकायंत्र धरेल, धाकटी आकडे ओरडून सांगेल. माझ्या अनुभवात आठ-दहा वर्षांची मुलं हे काम मोठ्यांपेक्षा मन लावून करतात, कारण मोठ्यांची नजर एव्हाना दगडांवर गेलेली असते.

हाताने धरलेल्या होकायंत्रात दोन अंशांची चूक गृहीतच धरा. या उदाहरणात त्यामुळे हेटॉरच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना पंधराएक मीटर आणि रेषेच्या लांबीत चाळीसेक मीटर पुढे-मागे एवढी शंका उरते. म्हणजे शोधायची जागा गोल नसते, लांबट पट्टा असतो, आणि तो सर्वात जवळच्या खुणेच्या रेषेवर पसरलेला असतो. मधोमध पाठीवरची सॅक ठेवा आणि त्या पट्ट्यातच फिरा. पट्ट्याबाहेर कितीही मोहक कलता दगड दिसला तरी आधी पट्टा संपवा.

क्लू किती जुना आहे, हे विचारून घ्या. मला वाटतं तुमच्या ईस्टरच्या फसगतीमागे हे कारण असू शकतं, कारण क्लू 'बऱ्याच वर्षांपासून घरात पडून होता' असं तुम्ही म्हटलंय. होकायंत्राची सुई चुंबकीय उत्तर दाखवते, नकाशावरच्या उभ्या रेषा नकाशाची उत्तर दाखवतात, आणि चुंबकीय उत्तर वर्षागणिक सरकत असते. १९८० च्या दशकात डार्टमूरवर सुई नकाशाच्या उत्तरेपेक्षा पाच-सहा अंश पश्चिमेला झुकलेली असायची. आज हा फरक एखाद्या अंशाच्या आसपास, आणि तोही पूर्वेकडे आहे. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये तर डॉर्सेटमधल्या लँग्टन मॅट्रॅव्हर्स या गावी खरी उत्तर (भौगोलिक ध्रुवाची दिशा), नकाशाची उत्तर आणि चुंबकीय उत्तर तिन्ही एका रेषेत आल्या. ब्रिटनच्या नकाशांच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडलं. याचा व्यवहारात अर्थ असा: क्लू त्या काळात सरळ होकायंत्रावरून लिहिला असेल तर त्यातले सगळे आकडे आजच्या तुमच्या होकायंत्रापेक्षा सहाएक अंश जास्त असणार. पाच अंशांचा फरकसुद्धा अर्ध्या किलोमीटरवरच्या खुणेला चव्वेचाळीस मीटर चुकवतो. तुमचा पट्टाच चुकीच्या जागी पडतो.

ओळखायचं कसं? क्लूमध्ये ग्रिड रेफरन्स (नकाशावरच्या चौकटींवरून जागा सांगणारा आकडा) दिला असेल तर फोनवरच्या नकाशाने त्या जागी जाऊन उभे राहा आणि सगळ्या खुणांची बेअरिंग घ्या. सहा आकडी रेफरन्स शंभर मीटरचा चौकोन देतो, आठ आकडी दहा मीटरचा, त्यामुळे लांबच्या खुणांवर ही तपासणी करा, जवळच्या नाही. सगळी बेअरिंग एकाच बाजूला सारख्याच अंशांनी चुकत असतील तर दोष क्लूच्या वयाचा आहे. प्रत्येक आकड्यातून तेवढे अंश वजा करा आणि नव्याने रेघा मारा. एकच बेअरिंग चुकत असेल तर तुम्ही चुकीचा टॉर धरलाय. डार्टमूरवर दीडशेहून अधिक टॉर आहेत आणि लांबून त्यातले बरेच सारखे दिसतात.

मग शेवटची ओळ: 'एकट्या झाडापासून नऊ पावलं'. पावलं कोणाची, हे क्लू सांगत नाही. मोठ्या माणसाचं चालीचं पाऊल पाऊण मीटरच्या आसपास असतं, म्हणजे नऊ पावलं म्हणजे सहा ते साडेसात मीटर. झाडाभोवती त्या अंतरावर नजरेने एक वर्तुळ काढा. दिशा दिली असेल तर त्या दिशेचा तुकडाच बघायचा. आणि झाड म्हणजे बहुतेक वाऱ्याने वाकलेलं हॉथॉर्न किंवा रोवन. जुन्या क्लूमधलं झाड पडून गेलेलंही असू शकतं, तेव्हा बुंधा शोधा.

आता दगड वाचायचे. हे शिकण्यासारखं आहे आणि मुलांना फार आवडतं. बॉक्स ठेवणारा माणूस त्याच्या तोंडाशी एक दगड लावतो. तो दगड एका किंवा दोन हातांनी उचलता येईल एवढाच असतो, त्यामुळे मोठ्या शिळा सोडून द्या. ग्रॅनाइटच्या उघड्या बाजूवर दगडफूल वाढतं, राखाडी, हिरवट, मधूनच मोहरीसारखं पिवळं. ते वर्षानुवर्षं संथपणे वाढतं. जो दगड येणारेजाणारे उचलत-ठेवत असतात त्याच्या कडेचं दगडफूल झिजलेलं असतं, त्याला टेकलेल्या शेवाळाची कड तुटलेली असते, आणि बऱ्याचदा तो दगड उलटा ठेवला गेल्यामुळे दगडफूल खाली आणि स्वच्छ, फिकट बाजू वर अशी उलटी मांडणी दिसते. शेजारच्या पन्नास दगडांत अशी मांडणी असलेला एकच असतो. गुडघ्याएवढ्या उंचीवरून, उतारावर खालून वर बघा. वरून खाली बघताना तोंडं दिसत नाहीत. पाऊस इथे मुख्यतः नैऋत्येकडून येतो, त्यामुळे जाणता माणूस बॉक्सचं तोंड त्या बाजूला ठेवत नाही. पाणी साचेल अशा खळग्यातही ठेवत नाही. ठेवणाऱ्याच्या डोक्यात शिरून पाहिलं की पट्ट्यातल्या निम्म्या जागा न हात लावता बाद होतात.

संशय आला तरी थेट हात घालू नका. आधी टॉर्चने आत बघा, मग काठी घाला. इथे ॲडर हा विषारी साप असतो, उन्हाच्या दिवसांत तो दगडांच्या आसपास पहुडतो. तो आपणहून अंगावर येत नाही, पण बोटं त्याच्या बिळात गेली तर चावेल.

दगड उचलण्याबद्दल मला मनापासून सांगायचंय. दगडफुलाने धरलेला, शेवाळात रुतलेला दगड कोणीच हलवलेला नाही, हे त्याच्याकडे बघूनच कळतं. तो उचलून बॉक्स सापडणार नाही, आणि त्याखालची ओल, कीटक, मुळं मात्र उघडी पडतात. डार्टमूर हे १९५१ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. पठारावर कांस्ययुगातल्या दगडी रांगा, वर्तुळं, झोपड्यांचे पाये आणि दफनाच्या राशी विखुरलेल्या आहेत आणि अनोळखी माणसाला त्या साध्या दगडांच्या ढिगाऱ्यासारख्याच दिसतात. लेटरबॉक्स ठेवणाऱ्यांची आचारसंहिताच अशी आहे की अशा पुरातन जागी, भिंतीत किंवा बांधकामात बॉक्स ठेवायचा नाही, खोदायचं नाही, सिमेंट लावायचं नाही. म्हणून नकाशावर पुरातन वास्तूची खूण असेल तिथे शोधूच नका, तिथे बॉक्स नसतोच. आणि १ मार्च ते ३१ जुलै जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा काळ असतो, तेव्हा वाट सोडून गवतात फिरताना पाय जपून टाका.

ऑगस्टबद्दल. तेव्हा ब्रॅकन नावाचा नेचा कमरेएवढा वाढलेला असतो आणि क्लिटरच्या कडा त्यात बुडून जातात. ईस्टरला उघडा दिसलेला उतार तुम्हाला ओळखू येणार नाही. शिवाय नेच्यात गोचिड्या असतात, त्यातून लाइम रोग होऊ शकतो. फुल पँट घाला, ती मोज्यांत खोचा, परतल्यावर मुलांच्या गुडघ्यामागे, काखेत, केसांच्या कडेला बघा. नेच्यातला क्लू असेल तर मी सरळ सांगतो, तो हिवाळ्याच्या अखेरीसाठी राखून ठेवा आणि ऑगस्टला उघड्या कातळावरचा निवडा.

पहिल्याच खेपेला क्रॅनमिअर पूलला जाऊ नका. मुलं मागेच लागतील, पण तो भाग दलदलीचा आहे आणि लष्कराच्या ओकहॅम्प्टन फायरिंग रेंजमध्ये येतो. रेंज तीन आहेत: ओकहॅम्प्टन, मेरिव्हेल आणि विल्सवर्दी. गोळीबाराच्या दिवशी टेकड्यांवर लाल निशाणं लावतात, रात्री लाल दिवे. वेळापत्रक आधी जाहीर होतं, ते निघण्यापूर्वी बघायचं. रेंजमध्ये धातूचं काहीही पडलेलं दिसलं, ते डब्यासारखं दिसत असलं तरी हात लावायचा नाही. मुलांना हे गाडीतून उतरण्याआधी सांगा, कारण धातूचा डबा दिसला की ती धावणारच.

सुरुवातीला हेटॉरचाच परिसर घ्या. तो रेंजच्या बाहेर आहे, माथा ४५७ मीटर उंच आहे, गाडी लावायला जागा आहे, आणि दक्षिणेला बी ३३८७ हा रस्ता आहे. धुकं आलं तर ही शेवटची गोष्ट सर्वात मोलाची. डार्टमूरचं धुकं आपल्या घाटातल्या धुक्याइतकंच झटकन येतं आणि खुणा दिसेनाशा झाल्या की बेअरिंगचा सगळा खेळ थांबतो. तेव्हा बॉक्स विसरायचा, होकायंत्रावर १८० लावून सरळ दक्षिणेला चालायचं, रस्ता आडवा येतोच. कुठेही जाण्याआधी अशी एक आडवी, न चुकणारी रेघ नकाशावर शोधून ठेवा: रस्ता, लांब भिंत, नदी. तिचा अंश वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

हेटॉरच्या उत्तरेला मुलांना दाखवण्यासारखं आणखी एक आहे: १८२० मध्ये सुरू झालेली ग्रॅनाइटची ट्रामवे. तिचे रूळच दगडात कोरलेले आहेत आणि अजून जागेवर आहेत. खाणीतला ग्रॅनाइट या रुळांवरून कालव्यापर्यंत नेत. १८३१ च्या लंडन ब्रिजमध्ये तो वापरला गेला, आणि तो पूल नंतर सुटा करून ॲरिझोनात नेऊन पुन्हा उभारला. रुळांवर बसून डबा खा, पण तिथे शोधू नका, तीही जपलेली जुनी वास्तू आहे.

शिक्क्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी लिहितो, कारण जाण्याच्या आधीच्या आठवड्यात मुलांना हेच काम द्यायचं. विकतचा शिक्का घेऊ नका. मोठं, मऊ खोडरबर घ्या. बटर पेपरवर गडद पेन्सिलने चित्र किंवा अक्षर काढा, कागद खोडरबरावर उपडा ठेवून चमच्याच्या पाठीने घासा. चित्र आपोआप उलटं उतरतं, त्यामुळे उमटताना सुलटं येतं. मग जे उमटायला नको ते कोरून काढायचं. धारदार पात्याचं काम तुम्ही करा. पातं रेषेपासून बाहेरच्या बाजूला तिरकं धरा, म्हणजे रेषेचा पाया रुंद राहतो आणि ती दाबाखाली मुडपत नाही. देवनागरी अक्षर कोरायला सोयीचं असतं, कारण शिरोरेषा सगळ्या अक्षरांना धरून ठेवते आणि बारीक काने तुटत नाहीत. शब्द दोन-तीन अक्षरांचाच घ्या. अनुस्वार जरा मोठा ठेवा, नाहीतर पहिल्याच आठ-दहा ठशांत गळून पडतो. डार्टमूरच्या वह्यांमध्ये बेडूक, चेटकिणी, तट्टं यांचे शिक्के ढिगाने असतात. त्यांत मराठी नाव उमटलेलं पाहून पुढचा माणूस नक्की थांबून बघेल. स्वतःचं शाईचं पॅड न्या, बॉक्समधलं बहुतेक वेळा सुकलेलं असतं. आणि शिक्का मारल्यावर बॉक्सचा शिक्का पुसून ठेवा, म्हणजे पुढच्याच्या रंगात तुमचा मिसळत नाही.

सापडला की तो तिथेच उघडू नका. कुठे, कसा, कोणत्या दगडामागे होता याचा आधी फोटो काढा, मग डबा घेऊन दहा-पंधरा पावलं बाजूला जाऊन बसा. लांबून बघणाऱ्याला जागा कळत नाही, आणि ठेवताना फोटो बघून जसाच्या तसा ठेवता येतो. वही आधी पिशवीत, पिशवीतली हवा काढून तोंड बंद, मग डबा, मग झाकणाच्या कडेला अडकलेलं गवत काढून झाकण. एक काडी राहिली तरी हिवाळ्यात वहीचा लगदा होतो. जेवणाआधी हात धुवा, मेंढ्यांची लेंडी सगळीकडे असते.

आणि नाही सापडला तर? पट्टा नीट ठरवल्यावर तीस मिनिटं. त्याहून जास्त मी मुलांसोबत कधीच देत नाही. म्हणून एकाच क्लूवर दिवस लावू नका, जवळजवळचे तीन-चार घेऊन जा. बॉक्स हरवतात, वाहून जातात, मालक काढूनही नेतात. न सापडलेल्याचं काम घरी आल्यावर करायचं असतं: क्लू देणाऱ्याला तारीख, घेतलेली बेअरिंग आणि कोणता भाग पाहिला ते कळवा. एकाहून अधिक जणांकडून असा निरोप गेला की मालक स्वतः जाऊन बघतो. ईस्टरच्या त्या क्लूबद्दलही त्या कुटुंबाला आधी दोनच गोष्टी विचारा, तो कोणत्या वर्षी लिहिलाय आणि त्यांना स्वतःला शेवटचा कधी सापडला होता. वर्ष कळलं की किती अंश वजा करायचे ते ठरेल, आणि मग घरच्या टेबलावर रेघा नव्याने मारा.